धनुर्धराचा खांदा

धनुर्विद्येच्या कथा सांगणाऱ्यांनीं आजवर डोळ्याचें कौतुक पुष्कळ केलें आहे. झाडावरील पक्ष्याचा केवळ डोळा पाहणारा अर्जुन घरोघरींच्या मुलांना ठाऊक असतो. गुरुदक्षिणेंत अंगठा देणारा एकलव्यहि ठाऊक असतो. परंतु ज्याच्या बळावर धनुष्य वांकतें, त्या खांद्याची विचारपूस कथाकारांनीं फारशी केलेली नाहीं. उलट जो मनुष्य नित्यनेमानें धनुष्य ओढतो त्याला विचारावें, तर तो डोळ्याविषयीं थोडें आणि खांद्याविषयीं पुष्कळ बोलेल. नेम चुकला तर दुसरा बाण लावतां येतो. खांदा गेला म्हणजे भाता भरलेला असूनहि धनुष्य खुंटीला टांगावें लागतें.

हें दुखणें गाजावाजा करून येत नाहीं. एखाद्या सकाळीं सदऱ्याच्या बाहींत हात घालतांना खांद्याच्या बाहेरच्या अंगास बारीकशी कळ येते. फडताळाच्या वरच्या फळीवरील डबा काढतांना ती पुन्हा येते. रात्रीं त्या कुशीवर वळलें कीं झोंप मोडते. धनुर्धर मनाशीं म्हणतो, काल बाण थोडे अधिक झाले असतील. दुसऱ्या दिवशीं तो पुन्हा मैदानावर जातो. पहिले दहा बाण दुखतात. मग अंग तापतें, कळ विरते आणि दुखणें गेलें असें त्याला वाटतें. रात्रीं तें परत येतें. असे दोन-तीन महिने गेले म्हणजे एके दिवशीं धनुष्य अर्ध्यावर ओढलें असतांनाच हात गळतो. त्या दिवशीं त्याच्यापुढें प्रश्न उभा राहतो तो एका सामन्याचा नसतो; पुढील वीस वर्षें आपण धनुष्य धरणार कीं नाहीं, हा असतो. आणि या प्रश्नाचें उत्तर बहुधा वैद्याच्या हातीं कमी व त्याच्या स्वतःच्या हातीं अधिक असतें.

पारंपरिक धनुष्याच्या बाबतींत हा प्रश्न विशेष तीव्र होतो, त्याचें कारण त्या धनुष्याच्या स्वभावांतच आहे. एका लांकडाचें, बांबूचें, किंवा लांकूड, शिंग आणि तांत यांच्या जोडणीचें असें हें धनुष्य जसजसें ओढावें तसतसें अधिक जड होत जातें. दोरी गालाशीं येते आणि नेम धरावयाचा असतो, त्याच क्षणीं त्याचा भार सर्वांत जास्त असतो. अमेरिकेंत होलिस ऍलन यानें १९६९ सालीं ज्याचें पेटंट मिळविलें तें चाकांचें धनुष्य याच्या अगदीं उलट आहे. त्यांत ओढीचा मधला टप्पा जड. पूर्ण ओढल्यावर मात्र हातांतला भार निम्म्याहूनहि पुष्कळ कमी होतो. पारंपरिक धनुर्धराला ही सवलत नाहीं. त्याचें स्थैर्य, त्याचा नेम आणि त्याचा सगळ्यांत मोठा श्रम हे तिन्ही एकाच क्षणीं एकत्र येतात.

या श्रमाचा हिशेब साधा आहे. चाळीस पौंड ओढीचें धनुष्य हें कांहीं फार जड समजलें जात नाहीं. चाळीस पौंड म्हणजे सुमारें १८ किलो. एका बैठकींत १०० बाण सोडले, तर १८०० किलोंची ओढ झाली; शंभर किलोंचें एक पोतें धरलें तर अठरा पोतीं. तीं जमिनीवरून उचलावयाचीं नसतात हें खरें. पण तीं एकाच सांध्यानें, एकाच दिशेनें आणि एकाच रीतीनें ओढावयाचीं असतात. शिवाय धनुष्यावर लिहिलेला आंकडा हा बहुधा २८ इंच ओढीचा असतो. लांब हाताचा मनुष्य तेंच धनुष्य ३० इंचांपर्यंत ओढतो, आणि दर इंचाला दोन-तीन पौंड वाढतात. म्हणजे चाळिसाचें म्हणून विकत घेतलेलें धनुष्य त्याच्या खांद्यावर पंचेचाळिसाचें होऊन बसतें, आणि हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं.

धनुष्याचा भार मनुष्याच्या हाडांवर काय परिणाम करतो याचा एक विलक्षण पुरावा इंग्लंडच्या समुद्रतळाशीं सांपडला. आठव्या हेन्री राजाचें 'मेरी रोझ' नांवाचें लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजीं पोर्टस्मथजवळ सोलेंटच्या खाडींत बुडालें. त्याचा सांगाडा ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं वर काढण्यांत आला. चिखलानें झांकून ठेविलेल्या त्या जहाजांत यू नांवाच्या झाडाच्या लांकडाचीं दीडशेहून अधिक लांब धनुष्यें, साडेतीन हजारांवर बाण आणि निदान १७९ माणसांच्या अस्थि मिळाल्या. तीं धनुष्यें पुरुषभर किंवा त्याहून उंच आहेत. त्यांची ओढ साधारणपणें १०० ते १८० पौंडांच्या दरम्यान असावी, असा अंदाज तज्ज्ञांनीं केला आहे. आजचा धडधाकट तरुण त्यांतील हलक्यांतलें हलकें धनुष्यहि एकदम ओढूं शकणार नाहीं.

अस्थींचें परीक्षण करणाऱ्यांना त्यांत एक गोष्ट दिसून आली. खांद्याच्या फऱ्याच्या कण्याचें पुढें आलेलें टोंक, जें खांद्यावर छपरासारखें येतें, तें लहानपणीं वेगळ्या तुकड्यांत वाढत असतें आणि वयाच्या विशीच्या सुमारास फऱ्याशीं एकजीव होतें. 'मेरी रोझ'वरील पुष्कळ माणसांत तें एकजीव झालेलेंच नव्हतें. सामान्य लोकांत हें जितकें आढळतें त्याहून तेथील प्रमाण बरेंच अधिक होतें. हाडें जुळून यावयाच्या वयांतच ज्यांनीं जड धनुष्यें ओढलीं, त्यांच्या खांद्यावर सतत पडलेल्या ताणामुळें तें टोंक सुटें राहिलें असावें, असा तर्क त्यावरून करण्यांत आला. तर्क हा तर्कच. पण त्या काळच्या इंग्लंडचा इतिहास त्याला पाठिंबा देतो. तिसऱ्या एडवर्ड राजानें १३६३ सालींच फर्मान काढून सुटीच्या व सणाच्या दिवशीं धनुष्याचा सराव करण्याची सक्ति प्रजेवर केली होती. १४१५ सालची अझँकूरची लढाई फ्रेंचांवर बाणांचा वर्षाव करून जिंकली, ती याच सरावाच्या जोरावर.

त्याच काळांतील एक साक्ष मात्र या अस्थींपेक्षांहि अधिक बोधप्रद आहे. ह्यू लॅटिमर नांवाचा शेतकरी कुळांतला धर्मोपदेशक १५४९ सालीं सहाव्या एडवर्ड राजापुढें प्रवचन करीत असतां आपल्या बापाच्या शिकवणीची आठवण काढतो. बापानें त्याला धनुष्य कसें धरावें हें शिकविलें. आणि केवळ दंडाच्या जोरानें न ओढतां सर्व अंग धनुष्यांत कसें घालावें हेंहि शिकविलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. बाप त्याला धनुष्यें विकत घेऊन देई तीं त्याच्या वयाला आणि बळाला साजतील अशीं. मुलगा जसजसा वाढला तसतसें धनुष्यहि वाढत गेलें. आजचा वैद्य मोठ्या अभ्यासानंतर खांदा दुखणाऱ्याला ज्या दोन गोष्टी सांगतो, त्या दोन्ही या शेतकऱ्याच्या घरांत पांचशें वर्षांपूर्वीं ठाऊक होत्या. ओढावयाचें तें पाठीनें आणि अंगानें, नुसत्या दंडानें नव्हे. आणि भार वाढवावयाचा तो बळाच्या मागून, बळाच्या पुढें धांवून नव्हे.

या दोन गोष्टी इतक्या महत्त्वाच्या कां, हें समजण्यासाठीं खांद्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. मांडीच्या हाडाचा गोळा कंबरेच्या खोल वाटींत बसलेला असतो. म्हणून तो सांधा बळकट, पण त्याची हालचाल मर्यादित. दंडाच्या हाडाचा गोळा मात्र फऱ्याच्या लहानशा, उथळ खळग्याला टेकलेला असतो. बशीला चेंडू टेकवून धरावा तसा. म्हणून हात वर, खालीं, पुढें, मागें, वाटेल तेथें फिरतो. पण हा चेंडू बशीवरून घसरूं नये यासाठीं हाडांचा उपयोग फारसा होत नाहीं. तें काम स्नायूंना करावें लागतें. फऱ्यापासून निघालेल्या चार स्नायूंच्या कंडरा त्या गोळ्याभोंवतीं मनगटपट्टीप्रमाणें वेढलेल्या असतात. डॉक्टर त्यांना रोटेटर कफ म्हणतात. बाहेरचा मोठा स्नायु हात वर उचलूं लागला कीं गोळाहि वर सरकूं पाहतो. तेव्हां हे चार लहान स्नायु त्याला खळग्याच्या मध्यावर धरून ठेवतात. या चारांपैकीं वरच्या स्नायूची कंडरा वर सांगितलेल्या हाडाच्या छपराखालून जाते. छप्पर आणि कंडरा यांच्यामध्यें एक पातळशी, ओलसर पिशवी असते. धनुर्धराच्या दुखण्याचा उगम बहुधा याच कंडरेंत असतो.

आणखी एक गोष्ट. ज्या फऱ्यावर हा खळगा आहे, तो फरा स्वतःच कोठें पक्का जडविलेला नाहीं. हांसळीच्या हाडाचा एक बारीक टेंकू सोडला, तर तो पाठीवर स्नायूंच्याच आधारानें तरंगत असतो. नाव हालत असतां नावेंतल्या माणसानें जाळें ओढावें, तसा प्रकार आहे. नाव स्थिर असेल तर जाळें ओढणें सोपें. नाव हेलकावे खात असेल तर सगळा ताण हातावर. फऱ्याला बरगड्यांशीं व पाठीच्या कण्याशीं धरून ठेवणारे स्नायु जर दुबळे असतील, तर त्यांचें राहिलेलें काम त्या चार लहान स्नायूंना करावें लागतें. त्यांची शक्ति तेवढी नसते.

आतां धनुष्य ओढतांना दोन खांद्यांवर दोन निराळीं कामें पडतात, म्हणून दोन निराळीं दुखणीं उद्भवतात. उजव्या हातानें दोरी ओढणाऱ्याचा डावा हात धनुष्य पेलतो. धनुष्य त्या हाताला मागें ढकलीत असतें. खांदा खालीं आणि स्थिर असेल तर हा भार हाडांवरून सरळ फऱ्याकडे आणि पाठीकडे जातो. परंतु धनुष्य झेपेनासें झालें कीं धनुर्धराचा डावा खांदा नकळत कानाकडे चढतो. मग गोळा वर सरकतो, कंडरेवर दाब पडतो आणि प्रत्येक बाणागणिक तो दाब वाढतो. बाण सुटल्यानंतर धनुष्याचा हिसका बसतो तोहि याच खांद्याला. जड धनुष्यावर फार हलका बाण लावला तर हा हिसका अधिक बसतो. कारण जी शक्ति बाणानें न्यावयाची, ती मागें मुठींत राहते. दोरी ओढणाऱ्या उजव्या खांद्याची गोष्ट वेगळी. तेथें फरा मागें कण्याकडे सरकावयास पाहिजे आणि कोंपर बाणाच्या रेषेंत मागें जावयास पाहिजे. पाठ काम करीनाशी झाली म्हणजे धनुर्धर दंडानें आणि मनगटानें ओढतो. खांदा पुढें वांकतो, कोंपर बाहेर राहतें, आणि दुखणें खांद्याच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूस घर करतें.

दुखण्याचीं कारणें शोधूं गेल्यास तीं थोडींच आहेत. पहिलें, झेपणार नाहीं असें धनुष्य. दुसरें, एकाएकीं वाढविलेली बाणांची संख्या. सहा महिने धनुष्याला हात न लावतां सामन्यापूर्वीं आठ दिवस रोज दीडशें बाण सोडणें हें त्याचें नेहमींचें रूप. तिसरें, थकल्यानंतरचा सराव. शेवटच्या वीस बाणांत जें बिघडतें तें पहिल्या ऐंशी बाणांत बिघडत नाहीं. चौथें, दिवसभर मेजाशीं वांकून बसल्यामुळें पुढें आलेले खांदे आणि आखडलेली छाती. असा मनुष्य संध्याकाळीं धनुष्य हातीं घेतो, तेव्हां त्याच्या फऱ्याला मागें जावयास जागाच नसते. आणि पांचवें, वय. चाळिशीनंतर कंडरा पूर्वीसारखी लवचिक राहत नाहीं व झीज भरून यावयास अधिक वेळ लागतो. वय थांबवितां येत नाहीं. पहिलीं चार कारणें मात्र मनुष्याच्या स्वाधीन आहेत.

धनुष्य झेपतें कीं नाहीं याची परीक्षा घरच्या घरीं होते. धनुष्य लक्ष्याकडे सरळ धरून, तें आकाशाकडे न उगारतां, सावकाश पूर्ण ओढावें आणि मनांत दहा आंकडे मोजावे. हात थरथरला, खांदा कानाकडे गेला, दोरी गालापासून पुढें सरकली, तर तें धनुष्य आपलें नव्हे. ओढलेली दोरी बाणावांचून मात्र कधींहि सोडूं नये. ती तशीच हळूहळू परत न्यावी. रिकामें सुटलेलें धनुष्य मोडतें आणि हातालाहि इजा करतें.

दुखणें सुरू झाल्यावर काय करावें, याबद्दलच्या कल्पनांत गेल्या पन्नास वर्षांत मोठा पालट झाला आहे. अमेरिकन शल्यवैद्य चार्ल्स नीर यानें १९७२ सालीं असें मत मांडलें कीं, वरच्या हाडाच्या छपराखालीं कंडरा घांसली जाते म्हणून खांदा दुखतो. तेव्हां त्या हाडाचा खालचा भाग तासून जागा मोकळी करावी. ही शस्त्रक्रिया पुढें जगभर अगणित लोकांवर झाली. परंतु २०१८ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत ब्रिटनमधील एका प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीनशेंहून अधिक रुग्णांपैकीं कांहींचें हाड तासलें, कांहींच्या खांद्यांत केवळ दुर्बीण घालून पाहिलें आणि हाड तसेंच ठेवलें, तर कांहींना कोणताच उपचार दिला नाहीं. हाड तासलेले आणि न तासलेले यांच्यांत कांहीं फरक दिसला नाहीं. उपचार न केलेल्यांपेक्षां ते थोडे बरे होते, पण तो फरक रुग्णाला जाणवण्याजोगा नव्हता. त्याच वर्षीं फिनलंडमधील प्रयोगानेंहि हाड तासण्याचा विशेष लाभ होत नसल्याचें दाखविलें. यावरून सर्व शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाहीं. अपघातानें कंडरा तुटली असेल तर ती शिवावी लागते. पण नेहमींच्या दुखण्यांत पहिला उपाय सुरी हा नव्हे. पहिला उपाय भार कमी करणें आणि नंतर तोच भार पायरीपायरीनें पुन्हा पेलावयास शिकविणें हा आहे.

म्हणून कळ येऊं लागतांच धनुष्य कांहीं दिवस बाजूस ठेवावें. पण हात गळ्यांत बांधून बसूं नये. हालचाल अजिबात बंद केली तर खांदा आखडतो, विशेषतः चाळिशी उलटलेल्या व मधुमेह असलेल्या माणसाचा. जी हालचाल थोडीशी दुखते पण दुसऱ्या दिवसापर्यंत निवते, ती करावी. जी दुखणें वाढवून दुसऱ्या दिवशींहि रेंगाळत ठेवते, ती टाळावी. शेकानें किंवा बर्फानें आराम वाटत असेल तर तो घ्यावा. तेल लावून हलक्या हातानें चोळल्यासहि सुख वाटतें. पण चोळण्यानें कंडरा बळकट होत नाहीं, आणि दुखऱ्या जागीं अंगठा रुतवून रगडण्यानें तर दुखणें वाढतें. रात्रीं दुखऱ्या कुशीवर निजूं नये. हाताखालीं उशी घ्यावी. दुखणें थांबविणारी गोळी घेऊन सराव करणें हें सर्वांत वाईट. पहारेकऱ्यानें हांक मारावी आणि घरधन्यानें त्याचें तोंड बांधावें, असाच तो प्रकार होय. खांद्यांत टोंचावयाच्या स्टेरॉइडच्या सुईनें कांहीं आठवडे बरें वाटतें. परंतु ती वारंवार घेतल्यास कंडरा दुबळी होण्याचा धोका असतो.

कांहीं लक्षणें दिसतांच मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे गेलें पाहिजे. पडल्यानंतर किंवा हिसका बसल्यानंतर हात वर उचलतांच येईनासा झाला. सांध्याचा आकार बदलला. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा आला. ताप येऊन सांधा लाल व गरम झाला. अथवा स्वस्थ असतांहि वेदना एकसारखी राहिली, तर तपासणी करून घ्यावी. छातींत दडपण, घाम आणि धांप यांच्यासह खांद्यांत किंवा हातांत कळ आली, तर ती धनुष्याची कळ समजूं नये. ती हृदयाची असूं शकते, आणि तेथें एकेक मिनिट मोलाचें असतें.

कळ कांहींशी निवल्यावर व्यायामाला आरंभ करावा, आणि शक्य तर तो जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून एकदां शिकून घ्यावा. व्यायाम साधेच आहेत. कोंपर कुशीशीं ठेवून, कोंपर व बरगड्या यांच्यामध्यें टॉवेलची गुंडाळी धरून, रबरी पट्टा हळूहळू बाहेरच्या बाजूस ओढावा. दहा-पंधरा वेळां, दोन-तीन फेऱ्या. भिंतीला हात टेकून दंड काढावे, आणि शेवटीं भिंत आणखी थोडी दूर लोटल्यासारखें करावें. त्यानें फऱ्याला बरगड्यांशीं धरणारा स्नायु जागा होतो. पट्टा दाराच्या कडीला अडकवून दोन्ही कोंपरें मागें ओढावीं व फरे एकमेकांकडे आणि खालीं आणावे. उजव्या हातानें ओढणाऱ्यानें फार हलकें धनुष्य उलट्या हातानेंहि थोडें ओढीत जावें. म्हणजे शरीर एकाच अंगास वांकडें होत नाहीं. याचा गुण आठ दिवसांत दिसत नाहीं. तीन महिने धीर धरावा लागतो.

मैदानावर परत येण्याची रीतहि ठरलेली असावी. पूर्वींच्या धनुष्याच्या निम्म्या किंवा दोन-तृतीयांश ओढीचें धनुष्य घ्यावें. पांच-सात पावलांवर गवताच्या भाऱ्यासमोर उभें राहावें. लक्ष्य लावूंच नये. लक्ष्य दिसलें कीं मन नेमाकडे धांवतें आणि खांदा विसरला जातो. डोळे मिटून, खांदा खालीं आहे ना, पाठ ओढीत आहे ना, एवढेंच पाहावें. पहिल्या आठवड्यांत एकाआड एक दिवस वीस-पंचवीस बाण पुरेत. आधीं बाणांची संख्या वाढवावी, मग अंतर, आणि सर्वांत शेवटीं धनुष्याची ओढ. तीहि एका वेळीं थोडे पौंडच, आणि मागली ओढ कांहीं आठवडे बिनतक्रार पेलल्यानंतर.

जपानी धनुर्विद्येंत, जिला क्यूदो म्हणतात, ही शिस्त शिक्षणाचाच भाग बनली आहे. तेथें नवशिक्याच्या हातीं सवादोन मीटर लांबीचें खरें धनुष्य एकदम येत नाहीं. आधीं एका लहान दांड्याला रबर लावलेल्या साधनावर तो ओढण्याची रीत गिरवितो. नंतर धनुष्याच्या लांबीइतक्या अंतरावरून गवताच्या गुंडाळ्यावर बाण सोडतो. अठ्ठावीस मीटरांवरचें लक्ष्य त्यानंतर. बाण सोडण्याच्या आठ पायऱ्या मोजलेल्या असतात. धनुष्य दोन्ही हातांनीं डोक्यावर उचलून, मग दोन्ही बाजूंस सारखें उघडीत खालीं आणावयाचें असतें. दोन्ही खांदे खालीं राहून छाती उघडली म्हणजे ओढ आपोआप पाठीवर जाते. तेथें पांढऱ्या केसांचे वृद्ध गुरुजन हलकें धनुष्य घेऊन उभे राहतात, आणि त्यांत त्यांना उणेपणा वाटत नाहीं.

हा उणेपणाच खरोखर या दुखण्याचें मूळ आहे. 'त्याचें पंचावन्नाचें आहे, तुझें कितीचें?' हा प्रश्न मैदानावर विचारला जातो, आणि त्याचें उत्तर देतां यावें एवढ्याचसाठीं पुष्कळ तरुण आपल्या बळापलीकडचें धनुष्य विकत घेतात. प्रौढ मनुष्याची अडचण निराळी. त्यानें जें धनुष्य पंचवीस वर्षें ओढलें, तें खालीं ठेवणें म्हणजे आपलें वय कबूल करणें होय. म्हणून तो कळ सोशीत राहतो आणि ज्या दिवशीं तीस पौंडांचेंहि धनुष्य उचलवत नाहीं त्या दिवशीं थांबतो. बाणाला मात्र धनुर्धराच्या मानापमानाचें कांहीं नसतें. हलक्या धनुष्याचा नीट सुटलेला बाण लक्ष्याच्या मधोमध बसतो आणि जड धनुष्याचा थरथरत सुटलेला बाण बाहेर जातो, हें कोणत्याहि मैदानावर केव्हांहि पाहावें.

सातपुड्याच्या डोंगरांतील भिल्लांचा तिरकमठा हा बांबूचा असतो. त्याच्या मागें पिढ्यांचें शहाणपण आहे. लेकराच्या हातीं लेकराच्या हाताएवढाच तिरकमठा शोभतो, हें कोणत्याहि आईबापाला शिकवावें लागत नाहीं. लॅटिमरच्या बापाला कळलें होतें तें हेंच. वाढत्या वयांत धनुष्य मोठें करीत न्यावयाचें, हें सर्वांना पटतें. उतरत्या वयांत तेंच धनुष्य पुन्हा लहान करीत न्यावयाचें, हें पटवून घेणें कठीण जातें. ज्याला तें पटतें, त्याचें धनुष्य सत्तराव्या वर्षींहि खुंटीवर धूळ खात पडत नाहीं. घरांत ज्याच्या खांद्याला अशी कळ येत असेल त्याला घरच्यांनीं सांगण्यासारखी गोष्ट एवढीच, कीं धनुष्य सोडावयाचें नाहीं. फक्त थोडें हलकें घ्यावयाचें आणि उद्यां सकाळीं वीसच बाण सोडावयाचे.